मंडळीत नवे आहात? देणं, सेवा आणि नम्रता: सुरुवात कुठून करायची

नुकताच बाप्तिस्मा झाला असेल, लग्नानंतर नवऱ्याच्या मंडळीत नाव आलं असेल, किंवा नोकरीसाठी नगरहून पुण्याला आल्यावर नवं चर्च शोधलं असेल. दोन-तीन महिन्यांत गीतं ओळखीची होतात, कोणाचा बाक कुठला तेही कळतं. मग वाटायला लागतं, नुसतं रविवारी येऊन जाणं बरं नाही, आपणही काही केलं पाहिजे. इच्छा चांगलीच आहे, पण तिच्यामागोमाग घाई येते. चार उत्साही जण मिळून वृद्धाश्रमात फळं वाटतात, फोटो निघतात आणि पुढे सहा महिने कोणी तिकडे फिरकत नाही.

म्हणून खाली दिलेला क्रम पाळून बघा. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: नवा उपक्रम काढू नका. जे काम आधीपासून चालू आहे त्यात सगळ्यात खालची जागा मागून घ्या.

पायरी पहिली: दानाच्या आधी थकबाकी

एका कागदावर आपण कोणाकोणाचे पैसे द्यायचे आहेत ते लिहा. घरकामाला येणाऱ्या मावशी, वाण्याची उधारी, मेहुण्याकडून अडीअडचणीला घेतलेली रक्कम, शेती असेल तर खुरपणीला आलेल्या बायकांची मजुरी. प्रत्येक नावापुढे तारीख टाका आणि ती पाळा.

लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय आठवा. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हणाला, आणि त्याच दमात ज्यांचं अन्यायाने घेतलं त्यांना चौपट परत करतो असंही म्हणाला. जकातदाराच्या तोंडून परतफेडीची भाषा निघाली, हे त्या घरात घडलेलं खरं नवल. याकोब तर आणखी कडक आहे. शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरड करते, असं तो पाचव्या अध्यायात लिहितो.

नाताळात करंज्या-चकल्यांचं ताट आपण मावशींच्या घरी हौसेने पाठवतो. त्यांचा पगार मात्र एक तारखेवरून दहा तारखेवर जातो आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही. आधी पगार एक तारखेला द्या. आठवड्याची एक सुट्टी पैसे न कापता द्या. त्या आजारी पडल्या तर खाडा धरू नका. एवढं जमलं की मग पुढच्या पायरीकडे या. ही पायरी गाळून कितीही मोठं पाकीट अर्पणाच्या थाळीत टाकलं तरी मावशींना त्याचा काय उपयोग?

पायरी दुसरी: अर्पण, ठरवून आणि हिशोबाने

दशमांशाबद्दल, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देण्याबद्दल, मंडळीत दोन्ही मतं ऐकायला मिळतील. काही जण मलाखीचा तिसरा अध्याय दाखवतील, काही म्हणतील की तो नियमशास्त्राचा काळ होता. नवख्याने या वादात पडू नये. पौलाने करिंथकरांना सांगितलेली रीत सोपी आहे: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या प्राप्तीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं. यातला महत्त्वाचा भाग म्हणजे आधी काढणं. महिनाअखेरीस उरेल ते देऊ असं ठरवलं तर काही उरत नाही, हे पगारदार माणसाला सांगायला नको.

तेव्हा पगाराच्या दिवशीच ठरलेला हिस्सा वेगळा काढा. कर्जाचे हप्ते चालू असतील तर हिस्सा लहान ठेवा, पण ठरलेला ठेवा. दुसऱ्या पत्रात पौल म्हणतो की कुरकुरत किंवा भरीस पडून देऊ नये. शेजारच्याचं पाकीट जाड दिसलं म्हणून देणं, हेसुद्धा भरीस पडणंच.

रोख पैसा हातात कमी असलेल्या घरांसाठी मिझोरामच्या ख्रिस्ती लोकांची पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९१० च्या सुमारास तिथे सुरू झालेली ही रीत आजही चालू आहे. घरातली बाई प्रत्येक वेळी स्वयंपाकाला तांदूळ काढताना त्यातली एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकते. तो तांदूळ गोळा होतो, विकला जातो आणि त्या पैशावर मंडळीची मोठमोठी कामं चालतात. आपल्याकडे ज्वारीची मूठ चालेल, तुरीची चालेल.

गावाकडच्या मंडळीत असाल तर हंगामाचा सण बघायला मिळेल. लोक भोपळे, कणसं, अंडी, कोंबड्या, धान्याच्या पाट्या घेऊन येतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. एखादी कोंबडी बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला जाते. घेणारा ती परत दान करतो आणि तिचा पुन्हा लिलाव होतो. मजा असते, हशा पिकतो, लहान पोरं ओरडून भाव वाढवतात. पण इथे चढाओढही शिरते. नव्या माणसाने पहिल्या वर्षी भोपळा घ्यावा, कोंबडीच्या वाटेला जाऊ नये.

विधवेच्या दोन टोल्यांची, म्हणजे अगदी लहान नाण्यांची, गोष्ट अर्पणाच्या वेळी नेहमी सांगितली जाते. मार्कच्या बाराव्या अध्यायात ती आहे. तिच्या लगेच आधीचं वचनही वाचा. विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना येशू तिथे दोष देतो. म्हणून कोणी एखाद्या गरीब बाईला ‘विश्वासाने शेवटचं टाक’ म्हणत असेल, तर त्याने एक वचन अलीकडून वाचायला सुरुवात करावी, असं मला वाटतं. उपचाराचे किंवा मुलांच्या फीचे पैसे थाळीत टाकायला कोणी सांगत असेल तर सरळ नाही म्हणा.

आता हिशोब. आपल्याकडे बहुतेक चर्चची मालमत्ता नोंदणीकृत ट्रस्टकडे असते. महाराष्ट्रात अशा ट्रस्टला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली हिशोब ठेवावे लागतात आणि तपासून घ्यावे लागतात. पावती मागा. वार्षिक सभेला जा, तिथे वाचला जाणारा जमाखर्च ऐका, कळलं नाही तर विचारा. ‘देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नये’ असं उत्तर मिळालं तर बावरू नका. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना खुद्द पौलाने सोबत माणसं घेतली होती, आणि का घेतली तेही लिहून ठेवलं: एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी दोष लावू नये म्हणून. जो पाळक हिशोब आपण होऊन पुढे ठेवतो त्याच्या मंडळीत अर्पण वाढतं, हे मी पाहिलं आहे.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक सूचना. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगीत धरले जात नाहीत. नागरिकत्व बदललं असेल, ओसीआय कार्ड असेल, तर ते विदेशी देणगीत धरले जातात. मग घेणाऱ्या संस्थेकडे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या खात्यातच यायला हवेत. गावच्या चर्चच्या छपरासाठी पाळकांच्या वैयक्तिक खात्यावर डॉलर पाठवून तुम्ही त्यांना अडचणीत आणाल.

पायरी तिसरी: गुपचूप देणं

उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं वचन सगळ्यांना पाठ असतं. ते पाळायचं कसं, हे मात्र कोणी सांगत नाही. काही साधे मार्ग आहेत.

मुलाची फी भरायची असेल तर शाळेच्या कार्यालयात जाऊन भरा आणि पावती त्या घरी पोचवायला क्लार्कला सांगा. औषधांची मदत करायची तर मेडिकलवाल्याकडे रक्कम जमा करून ठेवा. वीजबिल ग्राहक क्रमांक मिळाला की मोबाइलवरून भरता येतं. किराणा द्यायचा तर त्याच वाण्याकडून पाठवा ज्याच्याकडून ते घर नेहमी माल घेतं. शेजाऱ्यांना नेहमीचीच पिशवी दिसते. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, एवढं जपलं की बाकीचं सुचत जातं.

फोटो काढू नका. बालगृहातल्या मुलांच्या बाबतीत तर हा नुसता सभ्यतेचा मुद्दा नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार अशा मुलांची ओळख उघड होईल असं काही प्रसिद्ध करायला मनाई आहे. वाढदिवसाचा केक कापतानाचा त्यांच्यासोबतचा फोटो मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकू नका.

याच पायरीवर आणखी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. मदतीच्या पिशवीत धर्मप्रचाराची पत्रिका घालायची का? माझं उत्तर नाही असं आहे. उपाशी माणसाला तांदळाबरोबर उपदेश घ्यावा लागला तर तो व्यवहार झाला. कोणी आपण होऊन विचारलं, ‘तुम्ही हे का करता?’ तर मोकळेपणाने सांगा. विचारलं नाही तर गप्प राहा. येशूच्या दृष्टांतातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या जखमी माणसाला त्याचा धर्म विचारला नाही आणि आपलाही सांगितला नाही. देशातल्या अनेक राज्यांत प्रलोभन दाखवून धर्मांतर करण्याविरुद्ध कायदे आहेत, ते आहेतच. पण कायदा नसता तरी माझं मत हेच राहिलं असतं.

त्या शोमरोन्याची गोष्ट कामाची पद्धत म्हणूनही वाचावी. तेल-द्राक्षारस लावून पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले, जास्त लागलं तर परत येताना देतो म्हणाला, आणि आपल्या वाटेने गेला. म्हणजे दोन दिवसांची मजुरी, एक रात्र, आणि पुढची जबाबदारी दुसऱ्या भरवशाच्या माणसाकडे. मदतीला हद्द असावी लागते, हे नवख्यांना उशिरा कळतं.

आणि मदत कुठे पोचली पाहिजे, हे पंडिता रमाबाईंच्या केडगावकडे पाहिलं की समजतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून मुलींना, बालविधवांना घेऊन आल्या. जेवण आणि छप्पर दिलंच, पण तिथे थांबल्या नाहीत. केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनात विणकाम, शेती, दुधाचा धंदा, छापखाना अशी कामं त्या मुली शिकल्या. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे छपाईचे खिळे त्याच बायकांनी जुळवले. १९२२ साली रमाबाई गेल्या, त्यानंतरही संस्था चालू राहिली. एखाद्या घराला दर महिन्याला किराणा देत असाल तर वर्षातून एकदा स्वतःला विचारा: या घरातल्या कोणाला शिवणयंत्र, ड्रायव्हिंगचं लायसन्स किंवा नर्सिंगचा कोर्स मिळवून देता येईल का?

पायरी चौथी: सेवा, म्हणजे कोणाच्या तरी हाताखाली

पहिले तीन महिने फक्त पडेल ते काम करा. उपासनेआधी अर्धा तास येऊन सतरंज्या घाला, खुर्च्या लावा. प्रीतिभोजनानंतर पातेली घासा. भगिनी मंडळाच्या अध्यक्षांना किंवा तरुण संघाच्या सेक्रेटरीला विचारा, ‘कुठे हात कमी पडतात?’ आणि ते सांगतील तिथे जा. कोण खरं काम करतं आणि कोण नुसता माईक धरतं, हे पातेली घासताना आपोआप कळतं.

मग एक काम निवडा. संडे स्कूल, शिकवणी, चर्चची साफसफाई अशी बरीच आहेत, ती तुम्हाला कोणीही सांगेल. दोन कामांबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण तिथे माणसं नेहमीच कमी पडतात.

पहिलं, दवाखान्यातली सोबत. वैद्यकीय सेवा ही महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाची जुनी परंपरा. डॉक्टर वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ साली सुरू केलेल्या इस्पितळात कोकण आणि कर्नाटकातून रुग्ण येत राहिले. असा लांबून आलेला रुग्ण आणि त्याचा एकच नातेवाईक तुम्हाला आज कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात दिसेल. त्याला गरज असते ती केसपेपरच्या रांगेत कोणी उभं राहण्याची, घरच्या डब्याची, मोबाइलच्या चार्जरची आणि कुठल्या खिडकीवर काय मिळतं हे माहीत असणाऱ्या माणसाची.

मंडळीतल्या आजाऱ्याला भेटायला जाताना:

- भेटीची वेळ पाळा, हात धुऊन आत जा, खाटेवर बसू नका.
- दहा मिनिटांत उठा. बोलण्यापेक्षा ऐका.
- काय झालंय हे खोदून विचारू नका आणि आपल्या काकांना हेच झालं होतं ते सांगू नका.
- प्रार्थना करू का, असं विचारा. हो म्हटलं तर हळू आवाजात, थोडक्यात करा. वॉर्डात दुसरेही रुग्ण आहेत.
- ‘देवाची इच्छा’, ‘विश्वास कमी पडला’ ही वाक्यं दाराबाहेर ठेवून या.
- निघताना विचारा: ‘उद्याचा डबा कोण आणतंय? रात्री कोण थांबणार?’

रक्तदानाची यादी मंडळीत तयार ठेवली तर फार उपयोग होतो. दात्याचं वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं. पुरुषांनी दोनदा रक्त देण्यात ९० दिवसांचं आणि स्त्रियांनी १२० दिवसांचं अंतर ठेवायचं असतं. नाव, रक्तगट आणि शेवटचं रक्तदान कधी केलं ती तारीख, एवढे तीन रकाने पुरे.

दुसरं, मयताचं घर. आपल्या समाजात दफनाच्या दिवशी माणसांची कमतरता नसते. पेटी, दफनभूमीतली जागा, पाळकसाहेब, गाणी, सगळं होतं. दोन-तीन दिवस शेजारपाजारचे डबेही येतात. नंतर घर रिकामं होतं आणि कागद सुरू होतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. त्याशिवाय दाखल्याच्या प्रती, बँकेतलं नॉमिनीचं काम, पेन्शन, गॅसजोडणीचं नाव. जिला आयुष्यात बँकेत एकटीने जायची वेळ आली नाही अशी बाई हे सगळं हातात धरून बसलेली असते. चौथ्या आठवड्यात तिच्या घरी जा, कागदांची फाइल लावून द्या, तिच्यासोबत बँकेत बसा. सही तिचीच, पैशांना हात तिचाच, आणि शक्यतो सोबत तिच्या घरचं कोणी असू द्या. हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण तिला त्याचा आधार फार मोठा असतो.

पायरी पाचवी: नम्रता, जिथे ती खरंच लागते

योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतो. पवित्र गुरुवारी अनेक चर्चमध्ये हा विधी होतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली, निवडून आल्यावर पहिल्याच पवित्र गुरुवारी, रोममधल्या अल्पवयीन मुलांच्या तुरुंगात जाऊन कैद्यांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते.

आपल्याकडे पाय धुण्यापेक्षा अवघड परीक्षा दुसरी आहे, ती म्हणजे जात. चर्चमध्ये जात नाही असं आपण म्हणतो, आणि लग्नाचं स्थळ आलं की आडनावावरून मूळ गाव, मूळ समाज विचारतो. नगर-सोलापूरकडे पूर्वी कोण महार, कोण मांग, कोण ब्राह्मण हे अजून घरोघरी माहीत असतं. वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी हे भेद आहेत. नवखा माणूस इथे एक करू शकतो: आडनावाची चौकशी करायचीच नाही, आणि ज्यांच्या घरी मंडळीतले फारसे जात नाहीत त्यांच्याकडे जाऊन जेवायचं. नुसतं भेटून यायचं नाही, ताटावर बसायचं.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं उदाहरण मला इथे मोलाचं वाटतं. एवढे नावाजलेले कवी. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. मान आणि पगार दोन्ही सोडायला आपल्याला कोणी सांगत नाही. आपल्यापुरतं एवढं पुरे: आभारप्रदर्शनात आपलं नाव राहिलं तर घरी येऊन धुसफुसायचं नाही, तीन वर्षं सांभाळलेलं खातं दुसऱ्याला द्यायला सांगितलं तर वहीसकट द्यायचं, आणि चूक झाली तर ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर’ न म्हणता सरळ माफी मागायची.

पेत्राने आधी पाय धुवून घ्यायला नकार दिला होता. सेवाभावी माणसांत हा पेत्र हमखास असतो. सगळ्यांना डबे पोचवणारी बाई स्वतः ऑपरेशन होऊन घरी आली की ‘नको, नको, मी करते’ म्हणते. डबा घ्या. भाजी तिखट असली तरी घ्या.

दारात येणारा माणूस

शेवटी एक व्यावहारिक प्रश्न, कारण तो पहिल्याच महिन्यात समोर येतो. उपासना सुटल्यावर फाटकाशी कोणीतरी उभं असतं: खिसा कापला गेला, गावी जायला पैसे नाहीत, आई आजारी आहे. खरं किती, खोटं किती, हे तुम्हाला तिथल्या तिथे कळणार नाही, आणि उलटतपासणी घेणं हे तुमचं काम नाही. जवळच्या हॉटेलात नेऊन जेवू घाला. एसटीचं तिकीट काढून द्यायची तयारी दाखवा. रोख द्यायची तर तेवढीच द्या जी बुडाली तरी तुम्ही विसरून जाल. मोठी रक्कम मागितली तर एकट्याने ठरवू नका. ‘आमची मदत समिती आहे, बुधवारी या’ असं सांगा आणि बुधवारी खरंच तिथे असा. नकार द्यावा लागला तर डोळ्यांत बघून, नीट बसवून, पाणी विचारून द्या. आणि पाळकसाहेबांचा मोबाइल नंबर परस्पर त्याच्या हातात देऊन मोकळे होऊ नका, आधी त्यांना फोन करून विचारा.